‘यांचं मशीन बिघडलंय’ : एक तारा देणाऱ्या अभिप्रायाला लॅबकडून उत्तर

नमस्कार,

तुमच्या भावाचा सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) रिपोर्ट, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींसमोर छापलेला ठळक ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त), मग रात्रभर मोबाइलवर शोधाशोध आणि थेट ब्लड कॅन्सरपर्यंत गेलेली धास्ती, सगळं तुम्ही लिहिलं आहे. चार दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तोच आकडा ५८ टक्क्यांवरून ४१ वर आला, म्हणून आमचं मशीन बिघडलेलं आहे आणि आम्ही लोकांना उगाच घाबरवतो, असं तुमचं म्हणणं. शिवाय रिपोर्ट संध्याकाळऐवजी रात्री मिळाला आणि काउंटरवरच्या मुलीनं ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच सांगितलं, या आणखी दोन तक्रारी.

नाव झाकून दोन्ही रिपोर्टांचे फोटो तुम्हीच टाकले आहेत, म्हणून त्यातल्या आकड्यांबद्दल बोलते. त्यापलीकडचं पेशंटचं काहीही इथे लिहिणार नाही.

आमच्या रिपोर्टमध्ये टोटल काउंट, म्हणजे दर मायक्रोलिटर रक्तातल्या एकूण पांढऱ्या पेशी, ३,९०० आहे. त्याचे ५८ टक्के म्हणजे साधारण २,२६० लिम्फोसाइट. दुसऱ्या लॅबमध्ये टोटल ६,४००, त्याचे ४१ टक्के म्हणजे साधारण २,६२०. म्हणजे ज्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट ‘उतरले’ असं तुम्हाला वाटलं, त्यात ते खरं तर थोडे जास्त आहेत! मोठ्या माणसात दर मायक्रोलिटर रक्तात साधारण १,००० ते ४,००० लिम्फोसाइट असणं नॉर्मल धरतात. तुमच्या भावाचे दोन्ही वेळा त्यातच होते. दोन्ही लॅब बरोबर आहेत.

मग हलला कोणता आकडा? न्यूट्रोफिल, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, पाहा. आमच्याकडे ३३ टक्के, म्हणजे जेमतेम १,२९०. चार दिवसांनी ५० टक्के, म्हणजे ३,२००. व्हायरल तापात न्यूट्रोफिल असे खाली येतात आणि ताप उतरला की परत चढतात. घरातली चार माणसं गावाला गेली म्हणून मागे राहिलेली वाढत नाहीत, फक्त घरात तीच जास्त दिसतात. टक्क्यांचं तसंच आहे. पावसाळ्यात डेंग्यूचे आणि इतर व्हायरल तापाचे पेशंट येतात तेव्हा असे रिपोर्ट रोजचेच असतात. टोटल काउंट कमी आणि लिम्फोसाइटचे टक्के जास्त. ‘एच’ हे अक्षर मशीनला ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर आकडा गेला की आपोआप छापलं जातं. त्याला ना ताप कळतो, ना वय.

आता उशिराबद्दल. मशीन पेशींचा आकार आणि रचना बघून त्यांची वर्गवारी करतं. पेशी वेगळ्या वाटल्या की ते खूण करतं, आणि अशा सॅम्पलची स्लाइड मी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय सही करत नाही. व्हायरल तापात लिम्फोसाइट मोठे होतात, त्यांचा बाहेरचा भाग निळसर दिसतो आणि कडा शेजारच्या लाल पेशींना बिलगते. मशीनला असल्या ‘रिॲक्टिव्ह’ पेशींचा संशय येतो. कॅन्सरच्या कच्च्या पेशींशी, म्हणजे ब्लास्टशी, त्यांची गल्लत होऊ नये म्हणूनच स्लाइड बघायची असते. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत ‘रिॲक्टिव्ह लिम्फोसाइट दिसतात, ब्लास्ट नाहीत’ असं लिहिलं आहे. ते तास त्या ओळीसाठी लागले, आणि स्लाइडचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. तुमच्या फोटोत मात्र ती ओळ अर्धी कापली गेली आहे.

काउंटरवरच्या मुलीनं अर्थ सांगितला नाही, कारण तो सांगायचा नाही अशी माझीच सूचना आहे. लिम्फोसाइट खरोखर वाढण्याची कारणं पुष्कळ असतात: ग्रंथींचा ताप, कावीळ करणारे विषाणू, टीबी, काही औषधांची रिॲक्शन, वर्षानुवर्षांची सिगारेट, प्लीहा काढलेली असणं. बहुतेक जिवाणूंच्या संसर्गात न्यूट्रोफिल वाढतात, पण डांग्या खोकला याला अपवाद. त्याचं विष लिम्फोसाइटना रक्तातून बाहेर पडू देत नाही, म्हणून रक्तात त्यांची गर्दी होते. लहान मुलांचं तर गणितच निराळं. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत न्यूट्रोफिलपेक्षा लिम्फोसाइट जास्त असणं हेच नैसर्गिक, तरी दोन वर्षांच्या बाळाचे ६० टक्के बघून हवालदिल झालेल्या आयांचे फोन मला येतच असतात. यातलं कोणतं कारण लागू आहे, हे पेशंटला तपासून, गाठी आणि पोट चाचपून, औषधं विचारूनच ठरतं. काउंटरवर ते होत नाही. फोटो बघून मलाही सांगता येत नाही.

तुम्ही जो कॅन्सर शोधून काढलात तो क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. तो बहुधा साठीच्या पुढे होतो आणि आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळतो. त्याचं निदान टक्क्यांवरून होत नाही. एकाच साच्यातले बी-लिम्फोसाइट (लिम्फोसाइटचा एक प्रकार) दर मायक्रोलिटर ५,००० किंवा त्याहून जास्त, आणि तेही किमान तीन महिने टिकलेले असावे लागतात. ते फ्लो सायटोमेट्री या वेगळ्या तपासणीत कळतं. काळजी कधी करायची, तर लिम्फोसाइटचा प्रत्यक्ष आकडा (टक्के नव्हे) ताप गेल्यावरही काही आठवडे चढाच राहिला, किंवा सोबत मानेत-काखेत गाठी, वजन घटणं, रात्री कपडे भिजतील एवढा घाम, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट कमी, असं काही असेल तर. स्लाइडमध्ये ब्लास्ट दिसले तर मात्र आम्ही थांबत नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करतो.

तारे किती द्यायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ‘मशीन बिघडलंय’ हे वाचून उद्या कुणी तापाचा पेशंट तपासणीच टाळेल, म्हणून हे एवढं लांबलचक लिहिलं.

भावाची स्लाइड आम्ही जपून ठेवली आहे. तुमच्या डॉक्टरांना ती बघायची असेल तर त्यांची चिठ्ठी घेऊन या, देऊ. त्यांनी पुन्हा सीबीसी करायला सांगितला तर कोणत्याही लॅबमध्ये करा, फक्त दोन्ही जुने रिपोर्ट सोबत न्या. आणि सीबीसीसाठी उपाशीपोटी जायची गरज नसते.