एन-टू पास म्हणजे जपानी बोलता-लिहिता येतं? नाही हो

आमच्या जपानी शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की जेएलपीटी (जपानी भाषेची परीक्षा) एन-टू (तिची वरून दुसरी पातळी) झालं की माणूस फाडफाड जपानी बोलतो आणि लिहितो पण. तर थोडा खुलासा. या परीक्षेत बोलायचा पेपरच नसतो आणि लिहायचाही नसतो, सगळ्यात सोप्या एन-फाइव्हपासून सगळ्यात अवघड एन-वनपर्यंत सगळीकडे शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणं आणि पर्यायांचे गोळे काळे करायचे, बस. अख्ख्या पेपरात हाताने एक कांजी (जपानीत वापरलं जाणारं चिनी लिपीतलं अक्षर) काढावी लागत नाही.

माझंच सांगते, एन-टू हातात, बातम्या वाचते, आणि तिकडे एका ऑफिसात फॉर्मवर हाताने पत्ता लिहायची वेळ आली तर पेन जागेवरच थांबलं. रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ कांजी आहेत, पण मोबाइलवर उच्चार टाइप केला की कांजी समोर येते, आपण फक्त ओळखून निवडतो, मग हाताला सवय कुठून लागणार! (जपानी लोकही विसरतात म्हणे, तेवढंच समाधान.) बोलायचं तर विचारूच नका, दुकानात पिशवी हवी का एवढंच विचारलं तरी मी नुसती मान हलवली.

जर्मनच्या गोएथे परीक्षेत मात्र लिहिणं आणि बोलणं दोन्ही वेगळं तपासतात, म्हणून दोन्ही सर्टिफिकेटं एका तागडीत तोलू नका.