पासथ्रूचा ‘हमखास’ तोडगा आणि त्यातल्या गफलती

लिनक्सवर व्हीएमला (मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाला) थेट दिलेलं, म्हणजे पासथ्रू केलेलं, ग्राफिक्स कार्ड चालत नाही म्हटलं की एक ठरावीक तोडगा पुढे केला जातो. थोडक्यात असा: बायोसमध्ये आयओएमएमयू (उपकरणांसाठी मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) चालू करा, कर्नलच्या बूटच्या ओळीत ‘इंटेल_आयओएमएमयू=ऑन’ किंवा ‘एएमडी_आयओएमएमयू=ऑन’ टाका आणि सोबत ‘आयओएमएमयू=पीटी’. उपकरणांचे गट (व्हीएमला एकत्रच द्यावी लागणारी उपकरणं) वेगळे होत नसतील तर ते फोडणारा एसीएस ओव्हरराइड पॅच लावा, त्यात धोका काही नाही. व्हीएममधल्या विंडोजने कार्डासाठी कोड ४३ दाखवला तर केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवणारी यंत्रणा) लपवा. आणि व्हीएम दुसऱ्यांदा सुरू करताना पडदा काळा राहिला, तर विंडोज नव्याने टाका.

यातली बहुतेक वाक्यं कधी ना कधी कुणाच्या तरी मशीनवर खरी ठरली आहेत, म्हणून तर हा तोडगा अजून फिरतोय. माझी हरकत अशी, की एवढं सगळं सांगताना लॉग उघडून बघा असं त्यात एकदाही म्हटलेलं नाही.

सुरुवात कर्नलच्या ओळीतल्या पॅरामीटरपासून. इंटेलवर तो बऱ्याचदा लागतो, हे खरं. एएमडीवर मात्र फर्मवेअरमध्ये आयओएमएमयू चालू असेल तर ड्रायव्हर आपणहून कामाला लागतो. ‘ऑन’ ही किंमत त्याला ठाऊकच नाही; नव्या कर्नलवर ‘ऑन’ हा पर्याय अनोळखी असल्याची नोंद करून तो पुढे जातो. ‘पीटी’ची गंमत आणखी वेगळी. नावात पासथ्रू दिसतं म्हणून लोक तो भक्तिभावाने टाकतात, पण त्याचा संबंध होस्टकडेच, म्हणजे मूळ मशीनकडेच, राहणाऱ्या उपकरणांशी आहे: त्यांच्या डीएमएचं (सीपीयूला वगळून थेट मेमरी वापरण्याचं) पत्ता-भाषांतर टाळून थोडा वेळ वाचवायचा, इतकंच. गेस्टला, म्हणजे व्हीएममधल्या प्रणालीला, दिलेल्या कार्डाचं भाषांतर तो असो वा नसो, होतंच. खरी चूक बहुतेक वेळा बायोसमध्येच असते. व्हीटी-एक्स (सीपीयूची व्हीएम चालवण्याची सोय) चालू करून माणूस निवांत होतो आणि पासथ्रूला लागणारं व्हीटी-डी (इंटेलचा आयओएमएमयू) तिकडे बंदच राहतं. खात्री करायला सिस फाइलसिस्टीममधला ‘आयओएमएमयू_ग्रुप्स’ फोल्डर उघडा. तो रिकामा असेल तर पुढचं काहीच करून उपयोग नाही.

आता एसीएस ओव्हरराइड. ‘धोका काही नाही’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं.

गेस्ट ज्याला आपल्या मेमरीचा पत्ता समजतो, तो खरा पत्ता नसतो. कार्ड त्या पत्त्यावर लिहायला गेलं की आयओएमएमयू तो बदलून रॅममधली खरी जागा दाखवतो. पण त्यासाठी पॅकेट वरपर्यंत, आयओएमएमयूपर्यंत पोचायला हवं. मधल्या स्विचने ते परस्पर शेजारच्या उपकरणाकडे वळवलं तर भाषांतर होतच नाही. गेस्टच्या मेमरीतला तो आकडा आणि शेजारच्या एनव्हीएमई डिस्कच्या कंट्रोलरचा पत्ता योगायोगाने जुळला, की रॅम समजून लिहिलेला मजकूर थेट त्या कंट्रोलरच्या रजिस्टरांत जाऊन पडतो. एसीएस म्हणजे अशी परस्पर वाट बंद ठेवण्याची हार्डवेअरमधली सोय. ती आहे असं उपकरण स्वतः सांगत नसेल, तर कर्नल शहाणपणाने सगळ्यांना एका गटात ठेवतो.

ओव्हरराइड पॅच हार्डवेअरमध्ये कणभरही बदल करत नाही. वाट बंद आहे असं समज, एवढंच तो कर्नलला सांगतो. काही चिपसेट वाट खरोखर बंद ठेवतात पण तसं जाहीर करत नाहीत. त्यांच्यासाठी निर्मात्यांनी दिलेल्या खात्रीवर कर्नलमध्ये वेगळे अपवाद लिहिलेले आहेत. हा पॅच मात्र मुख्य कर्नलमध्ये घेतलेला नाही. व्हीएम चालवण्यासाठीच्या प्रॉक्समॉक्स या लिनक्स प्रणालीच्या कर्नलमध्ये तो आयता मिळतो, त्यामुळे तो अधिकृत असल्याचा समज पसरला असावा. घरच्या मशीनवर जाणूनबुजून लावलात तर तुमची मर्जी. ज्या गेस्टवर विश्वास नाही त्याच्यासाठी लावू नका.

शिवाय अनेकदा त्याची गरजच नसते. कार्ड चिपसेटच्या स्लॉटमधून काढून थेट सीपीयूला जोडलेल्या स्लॉटमध्ये बसवलं तर गट बदलू शकतो. बायोस अपडेटनेही कधी कधी फरक पडतो. आणि ‘गट व्हायेबल नाही’ (म्हणजे व्हीएमला देण्याजोगा नाही) ही तक्रार आली म्हणजे गट फोडायलाच हवा असं नाही. गटातला पीसीआय ब्रिज व्हीएफआयओला (उपकरण व्हीएमकडे सोपवणाऱ्या ड्रायव्हरला) बांधावा लागत नाही, तो तसाच राहू द्या. बाकीची उपकरणं होस्टच्या ड्रायव्हरकडून सुटली की काम झालं. ट्युरिंग पिढीच्या बऱ्याच कार्डांवर चित्र आणि आवाज यांच्यासोबत यूएसबी कंट्रोलर आणि टाइप-सीचं आणखी एक फंक्शन असतं. लोक पहिली दोन बांधतात, तिसरं बूट होतानाच होस्टचा यूएसबी ड्रायव्हर उचलतो, आणि शिव्या मदरबोर्डला बसतात. एलएसपीसीआय या कमांडमध्ये प्रत्येक फंक्शनखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दिसतं; चारही ओळी वाचा.

कोड ४३ बद्दलचा सल्ला एके काळी बरोबर होता. एनव्हिडियाचा जीफोर्स ड्रायव्हर आपण व्हीएममध्ये आहोत हे ओळखून काम थांबवायचा, म्हणून केव्हीएमची ओळख लपवावी लागे. २०२१ मध्ये आलेल्या ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून ही अडवणूक कंपनीनेच काढून टाकली. कोड ४३ चा अर्थ ‘उपकरणाने बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलं’ इतकाच आहे. त्यामागे कारणं ढीगभर.

माझ्याच मशीनवर मी दोन संध्याकाळी केव्हीएम लपवण्यात घालवल्या. तिसऱ्या दिवशी होस्टवर डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, उघडला, तर एकच ओळ शेकड्याने उमटलेली: बार १ (कार्डाच्या पत्त्यांचा एक पट्टा) साठीची मेमरी राखून ठेवता येत नाही. ती कुणी धरून ठेवली होती ते रूट होऊन प्रॉक मधल्या ‘आयओमेम’ फाइलीत पाहिलं. कार्डाच्या पत्त्यांच्या आत ‘बूटएफबी’ बसलेला. बूटच्या वेळचा पडदा त्याच कार्डावर होता आणि कर्नलने तो फ्रेमबफर (पडद्यावरच्या चित्राची मेमरी) सोडलाच नव्हता. जुन्या लेखांत यावर ‘ईएफआयएफबी:ऑफ’ सुचवलेलं असतं, पण नव्या कर्नलमध्ये ती जागा वेगळा ड्रायव्हर घेतो आणि तो पर्याय निष्फळ ठरतो. मी बायोसमध्ये बूटचा पडदा सीपीयूतल्या ग्राफिक्सवर वळवला आणि कोड ४३ गेला. बूट त्याच कार्डावर करावं लागत असेल तर कार्डाच्या रॉमची वेगळी, शुद्ध प्रत व्हीएमला द्यावी लागू शकते, कारण होस्टने वापरलेली प्रत बदललेली असते.

गेस्टची रॅम वाटेल तेव्हा कमी-जास्त करता येते, अशी पुस्तीही कुणी कुणी जोडतात. पासथ्रूत ते जमत नाही. कार्ड कुठेही डीएमए करू शकतं, म्हणून गेस्टची सगळी मेमरी सुरुवातीलाच जागेवर खिळून ठेवली जाते. सोळा जीबी दिलीत तर सोळा गेलीच.

राहिला दुसऱ्या वेळचा काळा पडदा. विंडोज नव्याने टाकून इथे हाती काही लागणार नाही, कारण गेस्ट विंडोज सुरू होण्यापर्यंत पोचलेलाच नसतो. व्हीएम बंद झाल्यावर कार्ड मूळ स्थितीत परतायला हवं, आणि अनेक घरगुती कार्डांना फंक्शन पातळीवरचा रीसेट येतच नाही. एएमडीच्या पोलारिस, व्हेगा आणि नाव्ही १० पिढ्या यासाठी कुप्रसिद्ध आहेत; त्यांच्यासाठी ‘व्हेंडर-रीसेट’ नावाचं वेगळं कर्नल मॉड्यूल लिहावं लागलं. कर्नल ५.१५ पासून रीसेट करता येणाऱ्या उपकरणाच्या सिस फोल्डरमध्ये ‘रीसेट_मेथड’ नावाची फाइल असते, त्यात कोणत्या पद्धती उपलब्ध आहेत आणि कोणत्या क्रमाने वापरल्या जातील ते कळतं. निदान पक्कं करायचं असेल तर व्हीएम बंद करून होस्टला स्लीपमध्ये टाका, परत जागं करा आणि व्हीएम पुन्हा सुरू करा. स्लीपमध्ये सहसा कार्डाची वीज तुटते. त्यानंतर पडदा उजळला, तर विंडोजची डिस्क निर्दोष आहे.