नववी-दहावीच्या पोरांचं काय?

आज सकाळी आमच्या मंडळाचं वह्यावाटप झालं. शाळा उघडल्या की दरवर्षी होतं तसंच. मांडव, बॅनर, माजी नगरसेवक, डझनभर वह्या, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली. रांगेत एक मुलगी धाकट्या भावाचा हात धरून उभी होती. भावाला संच मिळाला. मग तिनं हळूच विचारलं, "काका, दहावीचं काही नाही का?" माइकवरच्या गृहस्थांनी माइकवरूनच उत्तर दिलं, "पाचवीपर्यंतच आहे बाळा. तुम्ही आता मोठे झालात. जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय."

ती बाजूला झाली. शंभर माणसांसमोर.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. दुकानात येऊन बसलोय, समोर दोन मोटरी उघडून पडल्यात, हात चालत नाही. म्हणून लिहितोय. लांबेल, पण वाचा.

लहान पोरांना देऊ नका असं मी म्हणत नाही. त्यांनाही लागतंच, मान्य. पण माझ्या ओळखीतल्या जवळपास प्रत्येक मंडळाचं, ग्रुपचं, कंपनीचं दान चिमुरड्यांपाशीच का थांबतं? वाढदिवसाचे खाऊवाटप, दप्तरवाटप, रंगपेट्या, सगळं पहिली ते पाचवी. मिसरूड फुटलेल्या पोराच्या हातात वही देताना फोटो काढावासा कुणाला वाटत नाही. खरं तर शाळा सुटते ती याच वयात!

आपला शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वय सहा ते चौदा, म्हणजे पहिली ते आठवी. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. नववीला पाऊल टाकलं की पुस्तकं विकत, वर प्रयोगवही, परीक्षेची फी. गावाकडे तर जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी फार तर सातवी-आठवीला संपते आणि हायस्कूल चार-पाच मैलांवर असतं. एसटीनं मुलींना पास मोफत केला म्हणून कितीतरी मुली हायस्कूलचं तोंड बघू शकल्या, हे सरकारचं चांगलं काम आहे, ते बोललंच पाहिजे. पण शहरातल्या वस्तीतल्या पोराला कोण विचारतो? नेमकं त्याच वर्षी त्याचे खांदे रुंद होतात आणि घरातल्यांना दिसायला लागतं की हा आता रोज आणू शकतो.

माझ्याकडे एक पोरगा आला होता. नाव लिहीत नाही, तो आता मोठा झालाय, त्याला आवडणार नाही. नाशिकच्या सातपूरला माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे हे बऱ्याच जणांना माहीत आहे. उन्हाळ्यात शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरींचा ढीग लागतो, तेव्हा कुणीतरी हाताखाली हवंच असतं. हा दारात येऊन म्हणाला, "काका, काहीही काम द्या." वय पंधरा. वडील सेंट्रिंगच्या कामावर होते, पाय मोडून घरी बसलेले. आई चार घरची भांडी करायची. नववीला नापास झाला आणि मग गेलाच नाही. शाळेतून कुणी विचारायलाही आलं नाही. वर्गातून एक पोरगं गळलं तर घरी जाऊन बघायचं असतं, एवढंही त्या शाळेला वाटू नये याचा मला आजही संताप येतो.

संस्थेची एक ताई मात्र आली. आमच्या भागात एक छोटी संस्था आहे, बोर्डही धड नाही, दोन खोल्यांत संध्याकाळी पोरांना शिकवतात. ती थेट दुकानात आली. मला वाटलं ही आता कायदा सांगणार. चौदा ते अठरा वयाच्या मुलाला धोक्याच्या कामाला लावता येत नाही हे मला ठाऊक होतंच, विजेच्या चालू लाइनच्या आसपास मी त्याला फिरकूही देत नव्हतो. तिनं वेगळंच विचारलं. "दादा, याच्या घरात महिन्याचा किराणा आम्ही भरला तर तुम्ही याला दुपारी फक्त दोन तास ठेवाल का? शिकायला म्हणून?"

किराणा! आजवर ही गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितलीय आणि दर वेळी याच शब्दाशी थांबतो. पोरगं शाळेत राहायचं तर त्याची बुडणारी मजुरी घरात कुठून तरी यायला हवी. वहीनं ती येत नाही. त्या बाईनं तेल, तांदूळ, डाळ, चहा-साखर भरली, त्याची फी भरली, १७ नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून दहावीला बसवलं. रोज संध्याकाळी तो अभ्यासिकेत आलाय का हे बघितलं, आला नाही तर घरी जाऊन बसली.

हे काही नवीन नाही हो. आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, राबली, एकत्र जेवली आणि शिकली. कमवा आणि शिका. त्या पोरांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. वाढत्या वयाचं पोरगं किती जेवतं हे त्या माउलीला माहीत होतं. आणि आपण? आपण बॅनरच्या छपाईला जेवढे घालवतो तेवढ्यात एका पोराची दहावीची फी निघेल.

आता कुणीतरी खाली येऊन लिहील, "सगळ्यांनी दहावी-बारावी करून काय उपयोग, त्यापेक्षा हातात कला द्या." आज मंडळातही एक जण हेच म्हणाला. स्वतःचा मुलगा राजस्थानात कोट्याला क्लास लावून बसलाय आणि दुसऱ्याच्या पोराला हातात पाना द्यायला निघालाय! तीन महिन्यांचा कोर्स, एक सर्टिफिकेट, एक टीशर्ट, झालं स्किल. त्यानं काय होतं ते मी रोज बघतो. असे कोर्स केलेली पोरं माझ्याकडे येतात, त्यांना मीटर लावता येतो पण आकडा कशाचा ते सांगता येत नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, आणि त्याला दहावी लागते, गणित-विज्ञानासकट. दहावी नसेल तर पोरगं जन्मभर कुणाच्या तरी हाताखालीच राहणार. कला द्या ना, जरूर द्या, पण शाळेच्या जागी नको, शाळेबरोबर द्या.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला जाऊन बघा. डॉ. कलबागांनी १९८३ साली तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली, शाळा सोडलेली पोरं तिथं वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, शेती करतात, वायरिंग करतात, आणि हे करता करताच विज्ञान शिकतात. हेच पुढे आठवी ते दहावीच्या शाळांमध्येही गेलं, आठवड्यातला एक दिवस हातानं काम. मी मागे तिथे गेलो होतो. एक पोरगी वेल्डिंगचा मुखवटा वर करून मला जोड दाखवत होती, आणि त्यात कुठे हवा राहिलीय हे तिचं तिनंच सांगितलं.

माझ्या दुकानातल्या त्या पोराचंही तेच झालं. गणित म्हटलं की त्याच्या अंगावर काटा. भागाकार काढायला सांगितला की मान खाली. एक दिवस मी त्याच्यासमोर रिकामा स्टेटर ठेवला, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, ज्याच्या खाचांत तार भरतात. म्हटलं, मोज खाचा. छत्तीस. चार पोलची, म्हणजे चार चुंबकी टोकांची मोटर आहे, एका पोलला किती? बोटानं मोजत गेला, नऊ. विजेचे तीन फेज आहेत, त्या नवातल्या एका फेजला किती? तीन. म्हटलं, हा भागाकारच केलास की. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग परत स्टेटरकडे. दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "काका, चोवीस खाचांची असली तर?" आणि मी सांगायच्या आत म्हणाला, दोन. त्यानंतर खाचेत कागद बसवताना, तारेचे वेढे मोजताना, वार्निश लावताना तो सारखं काहीतरी विचारायचा. संध्याकाळी ताईकडे जाऊन तेच पुस्तकात शोधायचा.

दहावीला पास झाला. मार्क फार नाहीत, पण गणितात पास. आयटीआय झालं, एका कंपनीत अप्रेंटिस झाला, आता तिथंच मेंटेनन्सला आहे. धाकट्या बहिणीची अकरावीची फी त्यानं भरली.

सगळीच पोरं अशी निघत नाहीत, हेही खरं. त्याच अभ्यासिकेतली काही मध्येच गेली, एक तर ताईनं इतकं करूनही गेला. आणि संस्था म्हणवणारे काही नुसते लेटरहेडवाले असतात, तेही माहीत आहे. म्हणून काय सगळ्यांनाच सोडून द्यायचं?

मुलींचं तर बोलायलाच नको. मुलगा शाळेतून गळला तर कामाला जातो. मुलगी गळली की घरात पाहुणे यायला लागतात. अठराच्या आत लग्न बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पत्रिका छापणाऱ्यालाही. शाळेत जाते तोवर आईला नाही म्हणायला निमित्त असतं, "तिची दहावी होऊ द्या" एवढं तरी म्हणता येतं. तेवढ्या एका वाक्यावर कितीतरी मुली वाचल्यात.

म्हणून आज ती मुलगी बाजूला झाली ते मला सहन झालं नाही. कार्यक्रम संपल्यावर मी तिला गाठलं. पुस्तकं घेतलीस का विचारलं. म्हणाली, मावसबहिणीची जुनी मिळालीत, फक्त गणित भाग दोन, म्हणजे भूमितीचं, नाही आणि विज्ञानाच्या एका भागाची पानं फाटलीत. तक्रारीच्या सुरात नाही, यादी सांगावी तसं सांगितलं. पुढे काय करायचंय विचारलं तर लगेच म्हणाली, "लॅबमध्ये काम, रक्त तपासतात ते." तिला सगळं माहीत आहे. तिच्याकडे फक्त भूमितीचं पुस्तक नाही. संध्याकाळी ते तिच्या घरी पोचतंय, आणि ताईचा नंबरही तिच्या आईला देतोय.

माइकवर बोलले ते गृहस्थ माणूस म्हणून वाईट नाहीत, कोविडात त्यांनी घरोघरी डबे पोचवलेत. त्यांच्याशी मी बोलणार आहे. रविवारच्या बैठकीत विषय मांडतोय: पुढच्या वर्षीचं निम्मं वाटप नववी ते बारावीसाठी, आणि तेही वस्तूंचं नको. फी, पुस्तकं, बसचा पास, गरज असेल तिथं किराणा. माइक नको, रांग नको, फोटो नको. मंडळातले जे हे वाचतायत त्यांनी कृपा करून बैठकीला या, मागच्या वेळी कोरमसुद्धा झाला नव्हता.

बाकीच्यांनी घरातली नववी-दहावीची पुस्तकं रद्दीत घालू नका, माझ्या दुकानात आणून द्या. ज्यांचं गॅरेज, वर्कशॉप, लॅब, टेलरिंगचं दुकान असेल त्यांनी एखाद्या मुलाला किंवा मुलीला शाळा सांभाळून दोन तास शिकवायची तयारी असेल तर कळवा, ताई येऊन भेटेल. दहावीचे फॉर्म साधारण दिवाळीच्या सुमाराला भरतात. यंदा तिच्या यादीतल्या पोरांचे पैसे त्याआधी जमा करायचेत.