कंपालात राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहताय? मग तिळगूळ आधीच वाटून ठेवा

युगांडाचा राष्ट्राध्यक्ष व्हावं, असं तुमच्या मनात आलं असेल तर आधी अभिनंदन. हसू नका. दर पाच वर्षांनी कुणाच्या तरी मनात येतंच. जानेवारी २०२६ मध्ये तर आठ जण उभे होते. अर्जाची फी दोन कोटी शिलिंग, म्हणजे आपले साधारण पाच लाख रुपये. शिवाय देशातल्या दोन तृतीयांश जिल्ह्यांतून प्रत्येकी शंभर मतदारांच्या सह्या. एवढं जमवलंत की उमेदवारी तुमची. खुर्चीचं नंतर बघू.

मी इथला मतदार नाही. मी मूळचा साताऱ्याचा, कंपालात नोकरी करतो आणि अकरा वर्षांत तीन निवडणुका पाहिल्यात. फुकटचे सल्ले द्यायला एवढी पात्रता आपल्याकडे पुरते.

तर, डॉक्टर असाल तर होणाऱ्या राष्ट्राध्यक्षांवर उपचार करू नका. किझा बेसिग्ये यांनी ती चूक केली. १९८६ पासून खुर्चीवर असलेले राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी सत्तेसाठी जंगलातून लढत होते, त्या दिवसांत ते त्यांचे डॉक्टर होते. पुढे २००१ ते २०१६ मुसेवेनींच्याच विरोधात चार वेळा उभे राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते नैरोबीला एका पुस्तक प्रकाशनासाठी गेले आणि उगवले ते थेट कंपालाच्या लष्करी न्यायालयात. मधला प्रवास कसा झाला, तिकीट कुणी काढलं, असलं काही विचारायचं नसतं. साध्या नागरिकावर लष्करी न्यायालयात खटला चालवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. संसदेने मे महिन्यात कायदाच बदलून टाकला. डॉक्टरसाहेब आतच राहिले.

सत्ताधारी पक्षातून बाहेर पडून येणार असाल तर माजी पंतप्रधान अमामा म्बाबाझी यांचा २०१६ चा आकडा बघून घ्या: दीड टक्कासुद्धा नाही.

टोपी लाल नको. गायक आणि विरोधी पुढारी बॉबी वाईनच्या पोरांनी लाल बेरे घातल्या, तर २०१९ मध्ये ती टोपी लष्करी गणवेशात जमा झाली. पिवळी चालेल. पिवळा सत्ताधारी पक्षाचाच रंग आहे.

गायक असाल तर कार्यक्रम आधीच उरकून घ्या. कंपालातल्या कामवोक्याच्या झोपडपट्टीतून वर आलेला बॉबी वाईन २०१७ च्या पोटनिवडणुकीत खासदार झाला आणि तेव्हापासून त्याचे जलसे एकामागून एक बंद पडत गेले. कधी परवानगी नाही, कधी सुरक्षेचं कारण. नोव्हेंबर २०२० मध्ये अर्ज भरून निघाला, तर पोलिसांनी गाडीतून ओढून बाहेर काढलं. दोन आठवड्यांनी पुन्हा अटक, या वेळी करोनाचे नियम मोडले म्हणून. लोक रस्त्यावर आले. ५४ माणसं गेली. हा सरकारी आकडा. तेव्हा प्रचाराच्या सामानात पत्रकांबरोबर चिलखत आणि हेल्मेट धरा. २०२६ च्या प्रचारात तो दोन्ही घालूनच सभा घेत होता. आणि जमल्यास ‘एक्स’ बघू नका. लष्करप्रमुख तिथे लिहीत असतात. तुमचं डोकं उडवायला आवडेल, तुमचा अंगरक्षक माझ्या तळघरात आहे, असं काहीबाही. लष्करप्रमुख राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव आहेत, हा योगायोग.

वयाची मात्र चिंता सोडा. १९९५ च्या घटनेत दोनच कार्यकाळ होते, ते कलम २००५ मध्ये काढलं. पंचाहत्तरीची अट २०१७ मध्ये काढली. तो विषय संसदेत निघाला तेव्हा खासदारांनी एकमेकांवर खुर्च्या उगारल्या होत्या. मुसेवेनी, म्हणजे इथले म्झे, २०२६ च्या निवडणुकीत ८१ वर्षांचे होते. म्झे म्हणजे वडीलधारे, इथे सगळे त्यांना तसंच म्हणतात. आफ्रिकेचा प्रश्न लोक नाहीत, सत्तेला चिकटून बसणारे पुढारी आहेत, असं १९८६ मध्ये याच म्झेंनी सांगितलं होतं. निदान म्हणून बरोबरच होतं.

आता मुद्द्याचं. गेल्या दोन्ही निवडणुका संक्रांतीला धरून आल्या, त्यामुळे तिळगूळ आधीच वाटून ठेवा.

२०२१ मध्ये मतदान १४ जानेवारीला, म्हणजे ऐन संक्रांतीला होतं आणि इंटरनेट गेलं १३ च्या संध्याकाळी. २०२६ मध्ये मतदान १५ जानेवारीला होतं. इंटरनेट गेलं पुन्हा १३ च्या संध्याकाळी, भोगीच्या. आठवडाभर आधी अधिकृतपणे सांगत होते की बंद होणार ही निव्वळ अफवा आहे, पसरवू नका. आम्ही शहाण्यासारखी नाही पसरवली. आणि बंद झाल्यावर कारण काय, तर अफवा पसरू नयेत!

बरं, नुसते फॉरवर्ड थांबले असते तर मी मुसेवेनींना मतच दिलं असतं. पण साताऱ्यात माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन १४ तारखेला सकाळी होतं. बहीण दवाखान्यातून व्हिडिओ कॉल लावणार होती. तो गेला. साधा फोन चालू होता म्हणून एअरटाईम, म्हणजे फोनचं रिचार्ज, शोधत निघालो. ॲपवर बोडाबोडा, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, मिळेना, म्हणून चालत. तिसऱ्या टपरीवर मिळालं. भरून फोन लावला, बहिणीचा लागेना. आईला लावला, वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. सहा वेळा. कारण अनोळखी परदेशी नंबर अजिबात उचलायचा नाही, सगळे भामटे असतात, हे तिला मीच घोकून घोकून शिकवलंय. सातव्यांदा तिने उचलला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, “परत फोन केलास तर पोलिसात देईन, मेल्या.” ठेवला. एका डोळ्यावर पट्टी आणि आवाज खणखणीत, म्हणजे ऑपरेशन नीट झालं असणार, असा निष्कर्ष काढून मी फुटपाथवर बसलो.

मतदानाच्या दिवशी आमच्या इमारतीचा अस्कारी, म्हणजे राखणदार, पहाटेच जाऊन रांगेत उभा राहिला. सात वाजता मतदान सुरू व्हायचं होतं, पण बोटांचे ठसे वाचणारं यंत्रच चालेना. देशभर हीच बोंब होती; म्झेंचे स्वतःचे ठसेसुद्धा यंत्राने ओळखले नाहीत, शेवटी चेहरा दाखवावा लागला. हा बिचारा दुपारी दोनला परत आला. मी विचारलं, दिलंस का मत? त्याने अंगठा वर करून दाखवला आणि फाटक लावून घेतलं. कुणाला दिलं, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नसतं.

निकाल: मुसेवेनी ७१.६५ टक्के, सातवी टर्म. बॉबी वाईन २४.७२. तो म्हणाला, घरावर रात्री छापा पडला, मी निसटून लपलोय. पोलीस म्हणाले, छापाबिपा काही नाही. कुणाचं खरं हे तपासायला इंटरनेट नव्हतं. ते आलं निकालाच्या वेळेला, आणि व्हॉट्सॲपसाठी त्यानंतरही ताटकळलो.

ते सुरू झालं आणि आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय आला? “चला, शांततेत पार पडलं. स्टेबिलिटी महत्त्वाची.” खाली चौदा अंगठे.

कसली स्टेबिलिटी हो? नव्या पोराला उभं राहू द्यायचं ते फक्त निवडणुकीसारखं दिसावं म्हणून, आणि तो जिंकेल अशी शंका आली की त्याची टोपी, गाणी, माणसं आणि शेवटी अख्ख्या देशाची तोंडं बंद करायची, याला तुम्ही शांतता म्हणता? १९७२ मला सांगू नका. तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीनने आपल्या लोकांना नव्वद दिवसांत हाकललं, मुसेवेनींनी परत बोलावलं, मालमत्ता परत दिल्या. मान्य. शंभर वेळा मान्य. पण त्या उपकाराचं बिल आमच्या अस्कारीने का भरायचं? तो एकतीस वर्षांचा आहे. त्याने जन्मात दुसरा राष्ट्राध्यक्ष पाहिलेला नाही, आणि त्याच्यासारखे या देशात बहुसंख्य आहेत. पुण्यात दोन तास लाईट गेली तर वीज मंडळाचा उद्धार करणारे तुम्ही. इथे साडेचार कोटी माणसांचं नेट चार दिवस तोडलं, तर तुम्हाला शांत वाटलं? नका बोलू जाहीरपणे, व्हिसा आहे, धंदा आहे, मलाही आहे. मीही इथे नाव न घालताच लिहितोय. पण निदान अंगठे तरी दाखवू नका. आणि ते शिळे तिळगुळाचे फोटो आता टाकायचे बंद करा.