‘पंप सोडा, मशीन घ्या’ : सीओपीडीच्या रुग्णांची दिशाभूल करणाऱ्या मजकुराला उत्तर

सांगली-मिरज भागातील व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा, की दम्याच्या पंपाची सवय लागते व फुफ्फुसे कमजोर होतात, म्हणून जुनाट धाप असलेल्यांनी पंप सोडून घरी नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे तुषार करून मास्कमधून देणारे मशीन, आणावे. त्यातून येते ती नुसती वाफ असल्याने दिवसातून कितीही वेळा घेतली तरी अपाय नाही. औषध नसेल तर मिठाचे पाणी किंवा निलगिरी तेलाचे थेंब चालतात. आणि घरात मशीन असले की ऑक्सिजनची व दवाखान्याची गरज उरत नाही. मी सांगलीत औषधाचे दुकान चालवतो. हा मजकूर वाचून चालू पंप बंद केलेले रुग्ण दुकानात येतात, आणि त्यांतले बरेच जण सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेले असतात. अशा माणसाने औषध सोडणे किती महागात पडते हे पाहत असल्यामुळे हे उत्तर लिहिणे मला भाग आहे.

पंप कडक आणि मशीन सौम्य, हा पहिलाच समज उलटा आहे. दोन्हींत बहुधा एकाच वर्गातली औषधे असतात, फरक पोहोचवण्याच्या पद्धतीत असतो. श्वासनलिका सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाच्या पंपाच्या एका दाबातून 100 मायक्रोग्रॅम औषध सुटते, तर नेब्युलायझरच्या नेहमीच्या मात्रेत तेच औषध 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीसपट असते. इतके लागते, कारण मशीन दाबाच्या हवेने औषधाचे बारीक तुषार करते, त्यातला काही भाग कपातच उरतो, काही श्वास सोडताना हवेत निघून जातो आणि साधारण 1 ते 5 मायक्रॉन आकाराचे कणच खालच्या श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध आधी साठवून मग ओढता येईल अशी पोकळ नळी, लावून नीट ओढले, तर धाप वाढलेल्या वेळीही श्वासाच्या चाचणीतील सुधारणा नेब्युलायझरपेक्षा लक्षणीय कमी दिसत नाही. सीओपीडीच्या उपचारासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘गोल्ड’ या मार्गदर्शक अहवालातही हेच मांडले आहे. राहिला प्रश्न सवयीचा. रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते म्हणून कोणी तिला व्यसन म्हणत नाही; आजार रोजचा आहे, म्हणून औषध रोजचे आहे. सवय लागण्यापेक्षा पंप चुकीच्या पद्धतीने ओढला जाणे ही खरी अडचण आहे, आणि ती डॉक्टरांसमोर किंवा औषध विक्रेत्यासमोर एकदा ओढून दाखवल्यास बहुतेक वेळा सुटते.

मशीन निरुपयोगी आहे, असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. ज्यांचे हात थरथरतात, सांधे आखडल्याने पंप दाबता येत नाही, विस्मरणामुळे कृती ध्यानात राहत नाही किंवा श्वास ओढण्याची ताकदच उरलेली नाही, अशांना डॉक्टर विचार करूनच नेब्युलायझर लिहून देतात. परंतु मशीन विजेवर चालते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीतल्या वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या आणि वीज बंद राहिली, त्या वेळी खिशात मावणारा पंपच उपयोगाचा होता. बॅटरीवरची मशीनही मिळते, पण घरोघरी ती नसते. म्हणून मशीन वापरणाऱ्यानेही पंप व स्पेसर जवळ ठेवावा.

‘नुसती वाफ’ हा शब्दप्रयोग तर धोकादायकच आहे. ही गरम पाण्याची वाफ नसून मोजून दिलेले औषध आहे. साल्ब्युटामॉल वा त्याच वर्गातले लिव्होसाल्ब्युटामॉल वारंवार घेतल्यास हात थरथरतात, छाती धडधडते आणि रक्तातील पोटॅशियम कमी होऊ शकते. हृदयविकार असलेल्या वयस्कर माणसाला हे झेपत नाही. श्वासनलिका सैल करणाऱ्या इप्राट्रोपियम या दुसऱ्या औषधाचे तुषार सैल मास्कमधून डोळ्यांत गेले तर काचबिंदूचा त्रास बळावू शकतो, म्हणून मास्कऐवजी तोंडात धरायची नळी बरी. ब्युडेसोनाइड हे सूज कमी करणारे स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरली नाही तर तोंडात बुरशी येऊ शकते.

मिठाच्या पाण्याबद्दल सांगताना मला एक मशीन आठवते. तासगावकडच्या एक मावशी ती ‘आता धूरच येत नाही’ म्हणून घेऊन आल्या होत्या. कप उघडला, तर आतल्या बारीक छिद्राभोवती मिठाची पांढरी खपली चढली होती आणि नळीच्या तोंडाशी काळपट डाग होते. घरात कालवलेल्या मिठाच्या पाण्याची तीव्रता मोजलेली नसते आणि ते निर्जंतुकही नसते. फार खारट पाण्याने, तसेच साध्या पाण्यानेही, श्वासनलिका आकसू शकते. डॉक्टरांनी औषध पातळ करायला सांगितले असेल, तर त्यासाठी 0.9 टक्क्यांचे निर्जंतुक सलाइनच वापरावे. तेलाचे तर नावच नको, कारण फुफ्फुसात गेलेले तेल न्यूमोनियासारखी दाहक स्थिती निर्माण करू शकते. करोनाच्या काळात हायड्रोजन पेरॉक्साइड नेब्युलायझरमधून घेण्याचे खूळ परदेशात पसरले, तेव्हा 2021 मध्ये अमेरिकेतल्या दमा व ॲलर्जी फाउंडेशनला तसे न करण्याचा जाहीर इशारा द्यावा लागला होता. प्रत्येक वापरानंतर कप धुऊन पूर्ण वाळवावा, कपात उरलेले औषध फेकून द्यावे आणि मशीनचा फिल्टर वेळोवेळी बदलावा, एवढी शिस्त नसेल तर मशीन स्वतःच जंतूंचे घर होते.

ऑक्सिजनचा दावाही करोनाच्या साथीतलाच आहे. एप्रिल 2021 मध्ये सिलिंडर मिळेनासे झाले, तेव्हा औषधाविना नेब्युलायझर लावून ऑक्सिजन वाढतो असे सांगणारी एक चित्रफीत देशभर फिरली होती. घरगुती मशीन खोलीतलीच हवा ओढते, आणि तीत ऑक्सिजन सुमारे 21 टक्केच असतो. कपातून गेल्याने तो वाढत नाही. ज्यांचा ऑक्सिजन कायम फार खालावलेला असतो, त्यांना डॉक्टर दिवसाकाठी किमान 15 तास ऑक्सिजन लावायला सांगतात, त्याची जागा मशीन घेऊ शकत नाही.

आणि ज्या घरात चुलीचा धूर कोंडतो, हळद उकळताना किंवा पाचट पेटवताना तोंडावर साधा पदरही नसतो, विडी सुटलेली नसते, तेथे मशीन कितीही चालवली तरी आजार पुढेच जात राहतो. फ्लू व न्यूमोनियाच्या लसी, चालण्याचा व श्वासाचा व्यायाम या गोष्टी त्या मजकुरात नावालाही नाहीत.

‘दवाखान्याची गरज नाही’ या शेवटच्या वाक्याने सर्वांत मोठे नुकसान होते. एकामागून एक डोस घेऊनही धाप ओसरत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, रुग्ण गुंगीत जात असेल, तर घरी थांबणे चूक आहे. अशा वेळी 108 ला फोन करावा, आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना रुग्ण सीओपीडीचा आहे हे सर्वांत आधी सांगावे, कारण या आजारात ऑक्सिजन भरमसाट देऊन चालत नाही. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, साधारण 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच तो मोजून द्यावा लागतो.