प्रार्थना रिक्षात करू

आज दुपारपासून माझे डोके तापलेले आहे आणि ते शांत होण्याची वाट पाहत बसले तर हे लिहून होणार नाही, म्हणून आताच लिहिते.

दुपारी आमच्या भगिनी मंडळाची प्रार्थनासभा होती. गीत झाले, वचन झाले, मग नेहमीप्रमाणे प्रार्थनेचे विषय विचारले गेले. कोणाच्या मुलाची परीक्षा, कोणाच्या यजमानांचे गुडघे, असे करत करत पाळी आली ती मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका मुलीची. तिला सातवा महिना आहे. गेल्या वर्षी तिचे पहिले बाळ पोटातच गेले, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. ती इतकेच म्हणाली, "मला फार भीती वाटते. रात्री झोप लागत नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा." त्यावर आमच्यातल्या एक ज्येष्ठ भगिनी, ज्यांच्याविषयी मला एरवी आदरच आहे, तिला म्हणाल्या, "अगं, भीती म्हणजे अविश्वास. विश्वास धर, भीती आपोआप जाते. भीत राहिलीस तर बाळाला त्रास होईल." दोनचार जणींनी आमेन म्हटले. त्या मुलीने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले, आणि सभा संपेपर्यंत मान वर केली नाही.

भीती वाटते म्हणून जी आधीच अर्धमेली झाली आहे, तिला आता भीती वाटण्याचीही भीती घालून आपण घरी पाठवले. वर चहा घेतला.

ही गोष्ट मला इतकी का झोंबली, हे माझ्या जुन्या मैत्रिणींना सांगावे लागणार नाही. १९ वर्षांपूर्वी मी त्याच जागी बसले होते. माझे पहिले बाळ पाचव्या महिन्यात गेले होते, दुसऱ्या वेळचा आठवा महिना लागला होता, आणि मी नुकतीच एका रविवारी मंडळीसमोर उभी राहून साक्ष दिली होती की प्रभूने माझी सगळी भीती काढून टाकली आहे. ती साक्ष खोटी होती. लोकांना ऐकायला आवडते म्हणून मी ती दिली होती आणि पाळकसाहेबांनी त्यावर प्रभूची स्तुतीही केली होती. त्यानंतर चारच दिवसांनी दुपारपासून माझ्या पोटातले बाळ हलेना. मी कोणालाही काही सांगितले नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? जिची भीती प्रभूने सर्वांदेखत काढून टाकली आहे, तिने गुरुवारी पुन्हा भ्यायचे कसे?

रात्री दीडच्या सुमारास सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून अंधारात उभी होते. त्या प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. चष्म्याला काळा दोरा बांधलेला, तो गळ्यात. त्यांनी "काय झालं" असे विचारले नाही. "किती वेळ झाला?" असे विचारले. मी म्हटले, "दुपारपासून." मी आशेने त्यांच्याकडे पाहिले, कारण मला वाटले की त्या आता माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील आणि बाळ हलेल. त्या आत गेल्या, आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हलवून उठवले, कपाटातून माझी फाईल काढली आणि पायांत चपला सरकवत म्हणाल्या, "चल. प्रार्थना रिक्षात करू."

हे वाक्य मी आजवर कितीतरी वेळा आठवले आहे. आज त्या सभेत ते मोठ्याने म्हणायला हवे होते, पण मी गप्प बसले. खरे तर माझा निम्मा राग माझ्यावरच आहे.

आता जरा पवित्र शास्त्राविषयीही बोलू, कारण "भिऊ नको" हे वचन तोंडावर फेकणाऱ्यांनी ते कुठे कुठे आले आहे, हे एकदा नीट पाहावे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरियेला "भिऊ नको" म्हणतो, कारण ती घाबरली होती. आणि घाबरली म्हणून तो तिची निवड रद्द करत नाही, तिला रागावतही नाही. पुढे ती काय करते? घरी बसून विश्वास वाढवत नाही. ती उठते, घाईने डोंगराळ मुलुखात जाते, सहावा महिना लागलेल्या आपल्या नात्यातल्या अलिशिबेच्या घरी पोहोचते आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहते. ही अलिशिबाही पहिले पाच महिने लोकांपासून दूर घरातच राहिलेली बाई होती. एक उतारवयात गर्भार, दुसरी लग्नाआधी गर्भार, आणि दोघी एकमेकींच्या सोबतीला. नाताळच्या नाटकात आपण हा प्रवेश दोन मिनिटांत उरकतो, कारण त्यात मेंढरे नाहीत आणि उंटही नाहीत. मला मात्र त्या तीन महिन्यांत त्या दोघी रात्री काय बोलत असतील, याचेच फार कुतूहल आहे.

आणखी एका जागी हे शब्द आहेत, त्यावर आमच्याकडे कधीच प्रवचन होत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात एफ्राथच्या वाटेवर याकोबाच्या बायकोला, राहेलीला, कळा सुरू होतात आणि तिचे फार हाल होतात. सुईण तिला म्हणते, भिऊ नको, हाही मुलगाच आहे. आणि राहेल मरते. जाता जाता ती बाळाचे नाव बेनओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असे ठेवते. बाप ते बदलून बन्यामीन करतो. त्या सुईणीचे शब्द खोटे नव्हते, पण ती हमीही नव्हती. मरणाऱ्या बाईचा हात धरून एका बाईने उच्चारलेले ते शब्द होते. "भिऊ नको" म्हणायचे असेल तर आधी हात धरलेला असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय तर प्रत्येकीला पाठ असतो, की चिंता करू नका, आपली मागणी आभारासह देवाला कळवा. मान्य. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की माझा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, त्याला मी तुमच्याकडे पाठवतो आहे, म्हणजे माझीही चिंता कमी होईल. चिंता करू नका असे लिहिणाऱ्यालाच, तेही तुरुंगात, आपल्या माणसाच्या आजारपणाची चिंता होती आणि ती त्याने लपवली नाही. आमच्या सभेत पौल आला असता तर त्यालाही कोणीतरी "विश्वास धर" म्हटले असते. गेथशेमाने बागेविषयी मी काही लिहीत नाही. जिथे प्रभूचा घाम रक्तासारखा थेंबाथेंबाने पडला आणि त्याने मित्रांना जागे राहा म्हणून विनवले, तिथे आपण कोण धीट लागून गेलो?

होय, एका प्रार्थनेत जिची भीती कायमची गेली, अशीही बाई मी पाहिली आहे आणि तिच्या साक्षीवर माझा विश्वास आहे. सगळ्यांचे तसे होत नाही, एवढेच.

मला खरी चीड येते ती या बोलण्याच्या दुसऱ्या टोकाची. विश्वास धरला की बाळ सुखरूप राहते, असे म्हटले, की ज्या बाईचे बाळ गेले तिने विश्वास धरला नव्हता, हे न बोलताच सिद्ध होते. माझे पहिले बाळ गेले तेव्हा एकीने मला हे बोलूनही दाखवले होते. तिने आणलेला खिमट भाताचा डबा मी धुऊन परत केला, पण ते वाक्य मला परत करता आले नाही. आज त्या मुलीच्या कानात तेच वाक्य घोळत असणार, हे मला शपथेवर सांगता येईल.

रिक्षाचे सांगते. रस्त्यात खड्डे, पाऊस, पडदा फडफडतो आहे, आणि सासूबाई माझ्या पोटावर तळहात ठेवून एकशे एकोणचाळीसावे स्तोत्र म्हणत आहेत, ज्यात देवाने माणसाला आईच्या उदरात घडवले असे आहे. इंजिनाच्या आवाजात निम्मे शब्द ऐकूच येत नव्हते. मी म्हटले, "आई, मला फार भीती वाटते." त्या म्हणाल्या, "मलापण." आणि पुढची ओळ म्हणू लागल्या. त्या "मलापण"ने मला जो धीर दिला, तो माझ्या साक्षीने चार दिवसांत दिला नव्हता. दवाखान्यात पोटावर यंत्र फिरवल्यावर आधी नुसती खरखर आली, मग घोडा दौडत यावा तसे ठोके. बाळाभोवतीचे पाणी कमी झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आलात ते बरे केलेत, सकाळपर्यंत थांबायला नको होते.

नऊ दिवस मी त्या खाटेवर होते. भीती गेली का? नाही. पण माझी प्रार्थना बदलली. आधी मी देवाशी जवळजवळ सौदा करत असे, की बाळ दे, मग मी हे करीन, ते करीन. तिथे मी फक्त म्हणू लागले की प्रभू, आजची रात्र माझ्याजवळ बस. शेजारच्या खाटेवरची शेवगावकडची बाई रात्री हळू आवाजात रामरक्षा म्हणत असे, मी माझे स्तोत्र म्हणत असे, आणि नर्सबाई रक्तदाब पाहायला आल्या की दोघी थांबत असू. विश्वास म्हणजे काय, हे मला त्या खाटेवर थोडेफार कळले: थरथरत्या हातानेही धरता येते असे काहीतरी. लेक दोन किलो शंभर ग्रॅमची झाली. आज ती माझ्याशी वाद घालून वसतिगृहात राहायला गेली आहे.

जे म्हणतात की डॉक्टरकडे धावणे म्हणजे प्रभूवर भरवसा नसणे, त्यांनी आपल्याच घरचा इतिहास वाचावा. तमिळ मुलुखात काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी डॉक्टरांची मुलगी आयडा स्कडर हिची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत ऐकलेली आहे: एका रात्री तीन घरचे पुरुष आले, बायको अडली आहे, तुम्ही चला म्हणाले, बाप डॉक्टर होता, पण पुरुष नको, आणि मुलगी तर डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. त्या मुलीने त्यावर "त्यांचा विश्वास कमी पडला" असे म्हटले नाही. ती अमेरिकेत जाऊन १८९९ मध्ये डॉक्टर झाली, १९०० मध्ये परत आली आणि वेल्लोरला तिने दवाखाना उभा केला. सुवार्ता सांगणारा लूकही वैद्यच होता, हे पौलानेच लिहून ठेवले आहे. आज दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. हे मंडळाच्या फळ्यावर लिहायला कोणाची हरकत असू नये. झोप उडाली असेल, छाती धडधडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचेच दुखणे आहे. हां, रात्रभर मोबाइलवर भलतेसलते वाचत बसण्याने भीती वाढते, हे त्या ज्येष्ठ भगिनींचे नेहमीचे म्हणणे मी नाइलाजाने मान्य करते.

एवढे लिहून झाल्यावर त्यांच्यावरचा राग थोडा उतरला आहे. बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास त्यांची दोन बाळे गेली, हे मला सासूबाईंनीच सांगितले होते. तेव्हा त्यांना कोणी रिक्षा आणली नाही, कोणी "मलापण" म्हटले नाही; "विश्वास धर" एवढेच त्यांच्या पदरात पडले आणि त्या पन्नास वर्षे त्याच आधारावर उभ्या आहेत. जे मिळाले तेच त्या वाटतात. तरीही त्या मुलीला त्यांनी ते बोलायला नको होते.

संध्याकाळी मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, मी बोललेच नसते तर बरं झालं असतं." मी म्हटले की बोललीस ते फार चांगले केलेस, आणि मी दुपारी गप्प बसले याची माफी मागितली. मग १९ वर्षांत पहिल्यांदाच मी कोणाला तरी सांगितले की माझी ती साक्ष खोटी होती. ती आधी हसली, मग बराच वेळ रडली. सोमवारी तिची तपासणी आहे आणि नवऱ्याची एमआयडीसीत पहिली पाळी, त्यामुळे तिच्यासोबत मी जाणार आहे. रिक्षा सकाळी साडेनऊला सांगितली आहे.