६६ टक्के अजगर

अमेरिकेत अजगर विकत घ्यायचा तर शाळेतले मेंडेलचे वाटाणे पुन्हा उजळावे लागतात. डब्यावर चिठ्ठी असते: "बॉल पायथन ०.१, ६६% पॉस हेट पाईड." यातला ०.१ हा दशांश अपूर्णांक नव्हे. टिंबाच्या डावीकडे नर, उजवीकडे मादी. म्हणजे नर शून्य, मादी एक. डॅलसजवळच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात आमच्या चिरंजीवांनी मला हे ज्या स्वरात समजावलं, त्या स्वरात आपण आजोबांना यूपीआय समजावतो.

पाईड म्हणजे अंगावर मधेच पांढरेशुभ्र पट्टे असलेला अजगर. ही रंगसंगती आनुवंशिक आहे हे १९९७ साली पीट काह्ल यांनी पैदास करून सिद्ध केलं आणि लोक त्यासाठी हजारो डॉलर मोजू लागले. गोम अशी की जनुक अप्रभावी. आई आणि बाप दोघांकडून आलं तरच पट्टे दिसतात. एकाकडूनच आलं तर पिल्लू 'हेट', म्हणजे आत गुण पण बाहेरून चारचौघांसारखं तपकिरी.

आता दोन हेटांची जोडी लावली, तर चार पिल्लांत सरासरी एक पाईड, दोन हेट, एक साधं. पाईड नजरेला कळतं, ते उचलून वेगळं ठेवतात. उरलेल्या तिघांत दोघं हेट, पण कोणते दोघं ते त्यांच्या आईलाही माहीत नाही. म्हणून तिघांनाही '६६% पॉस', म्हणजे 'पॉसिबल', अशी चिठ्ठी आणि तिघांनाही साध्या अजगरापेक्षा चढा भाव! म्हणजे जो साधा आहे तोही या चढ्या भावात बिनबोभाट खपतो. लग्नाच्या बाजारात 'मंगळ आहे, पण सौम्य' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

विक्रेत्याने तर मादी उलटी करून पोटाखालच्या दोन काळसर रेघा दाखवल्या. "बघा, रुळ! हेट असल्याची खूण." शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आपला एक अगदी साधा अजगर उलटा केला. त्यालाही रुळ होते. दोघांची तिथेच जुंपली आणि तेवढ्यात चिरंजीवांनी पैसे देऊन टाकले. माझेच.

यानंतर घराचं जे काय झालं ते थोडक्यात सांगतो. "खाण्यात पटाईत" असं वर्णन असलेल्या मादीने सुरुवातीलाच उपास धरला. (बॉल पायथन महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, हे विकल्यानंतर सांगायची पद्धत आहे.) फ्रीजरमध्ये ओल्या खोबऱ्याच्या शेजारी गोठवलेले उंदीर आले. सौभाग्यवतींनी खोबरं वापरणंच सोडलं. शिराळ्याच्या माझ्या आईला सापाचं कौतुक नाही की भीती नाही, तिने व्हिडिओ कॉलवर एवढंच विचारलं, "चावत नाही आणि दूधही पीत नाही, मग पाळलाय कशाला?" साप दूध पीत नाही हे तिला पटवायला माझी उमेदीची वर्षं गेली होती, आणि आता तेच माझ्यावर उलटलं.

मादी वयात यायला तीनेक वर्षं लागतात. तोवर ते ६६ टक्के म्हणजे भिजत घोंगडं. शेवटी चिरंजीवांच्या मित्राचा पाईड नर आणला. मादीने सहा अंडी घातली, जवळपास दोन महिने ती यंत्रात उबवली. सहाही पिल्लं तपकिरी. एकाच्याही अंगावर पांढरा ठिपका नाही.

चिरंजीवांनी विक्रेत्याला कळवलं, "फसवणूक! फरकाची रक्कम परत द्या." उत्तर आलं, "मी 'पॉसिबल' लिहिलं होतं, 'पक्कं' नाही. शिवाय बाप नक्की तोच का?" हा चारित्र्यावरचा आरोप सौभाग्यवतींना सहन झाला नाही. आजवर त्या प्राण्याला त्यांनी नाव घेऊन हाकही मारली नव्हती, पण त्या दिवसापासून "आपली पोरगी" सुरू झालं.

मी विमा कंपनीत जोखमीचे आकडे मोजतो, म्हणून लवादाचं काम माझ्याकडे आलं. दोन्ही पक्षांना मान्य होतं, कारण दोघांनाही मी आपल्याच बाजूचा वाटत होतो. हिशेब सोपा आहे. बाप पाईड, म्हणजे त्याच्याकडून ते जनुक प्रत्येक पिल्लाला मिळणारच; प्रश्न फक्त आईचा. मादी हेट असेल तर प्रत्येक पिल्लू तपकिरी निघण्याची शक्यता निम्मी. सहाही तपकिरी निघण्याची ६४ पैकी १. मादी साधी असेल तर सहाही तपकिरीच निघणार. सुरुवातीच्या दोन तृतीयांशाला हे लावलं की मादी हेट असण्याची शक्यता उरते ३३ पैकी १, साधारण ३ टक्के. खरं तर मादी पहिल्या दिवसापासून जी होती तीच आहे. टक्के तिच्या अंगात नव्हतेच, ते आपल्या अज्ञानाचे होते. हे मी दोघांनाही सविस्तर लिहिलं.

विक्रेत्याने त्यातलं एकच वाक्य उचललं: "म्हणजे अजूनही पॉसिबल आहे. वर्णन बरोबर होतं."

हल्ली यावर उपाय निघाला आहे. टाकलेली कात पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवली की पाईडसारख्या काही जनुकांचा निकाल थेट मिळतो. मी म्हटलं, पाठवून मोकळे होऊ. चिरंजीव म्हणाले, "नको बाबा. 'नाही' आलं तर हे ३ टक्केही गेले." मला वाटतं अनेक विक्रेतेही याच हिशेबाने पाकिटं चिकटवत नाहीत. चाचणी केली तर काही अजगरांचा भाव चढेल आणि काही थेट साधे ठरतील; न केली तर सगळेच आशेवर विकले जातात. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात ठाऊक नाही, पण आमच्या धंद्यात याला हप्ता भरणारे ग्राहक म्हणतात.

परवा विक्रेत्याचा निरोप आला. भांडण नको, मादी परत द्या, पूर्ण किंमत देतो. मी आनंदाने डबा शोधायला उठलो, तर चिरंजीव दारात आडवे.

"तो स्वतःहून परत मागतोय, बाबा. म्हणजे त्याला काहीतरी माहीत आहे. पोरगी नक्की हेट आहे!"

"नक्की म्हणजे किती टक्के?"

"निदान ऐंशी," सौभाग्यवती आतून म्हणाल्या.